परतीचं पाकीट

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं वजनकाट्यावर होती. गावाबाहेर मालाची गोदामं सुरू होतात तिथे रस्त्यातच बसवलेला तो लोखंडी काटा, आणि त्याच्या कडेला टेबल-खुर्ची जेमतेम मावेल एवढी तिची खोली. ट्रक भरलेला येणार, तिच्या खिडकीसमोर थांबणार, ती आकडा लिहून घेणार. रिकामा होऊन परत येणार, पुन्हा आकडा. दोहोंतला फरक म्हणजे माल. एवढ्या एका वजाबाकीवर ताईनं आई गेल्यावर घर चालवलं, मला शिकवलं आणि मी शिकून काही उजेड पाडत नाही असं दिसल्यावर साठवलेले पैसे मोडून मला झेरॉक्सचं मशीन घेऊन दिलं. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "वजन जुळलं नाही," आणि अशी हसायची की समोरचा विषय बदलायचा.

ड्रायव्हर लोक तिला टरकून असायचे. ट्रकच्या मागे पाण्याचं पिंप आहे, ते धरू नका बाई, असं कुणी म्हटलं तर ती खुर्चीवरून उठायची, उन्हात खाली उतरायची, मागच्या फळीवर चढून पिंपात डोकावायची आणि मगच पावती फाडायची. लोक म्हणायचे, बाई देवालासुद्धा काट्यावर उभं करेल.

आणि ती कथा लिहायची.

हे मी उशिरा सांगतोय, कारण आमच्याकडे ते उशिराच कळायचं. रविवारी दुकान बंद असलं की ती मागच्या दारानं आत यायची. तिच्या दोन खोल्या माझ्या दुकानाच्या पाठीलाच. माझ्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी ठकठक करत बसायची. चार-पाच रविवारांत एक कथा. नेमकी सात पानं. सहा नाही, आठ नाही. का, तर सात कागदांचे पस्तीस ग्रॅम, पाठवायच्या पाकिटाचे पाच, आत घडी करून घातलेल्या परतीच्या पाकिटाचे पाच. पंचेचाळीस. तिकिटांचा हिशेब त्याच्यावर बसवलेला. कागद आणि छपाई माझ्याकडून, तिकिटं तिची. माझी बहीण कथेची लांबी पोस्टाला विचारून ठरवते, असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "पोस्ट निदान दर तरी सांगतं. संपादक काहीच सांगत नाहीत."

मोठ्या मासिकांच्या वाटेला ती गेली नाही. तिची मासिकं छोटी. कुणाच्या तरी माडीवरच्या खोलीतून निघणारी, दीडशे-दोनशे प्रतींची, तीन महिन्यांनी येणार म्हणून पाच महिन्यांनी येणारी. अशा आठ मासिकांची यादी तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. वर्षाला चार कथा, यादीप्रमाणे ओळीनं. म्हणजे एकेकाची पाळी दोन वर्षांनी यायची. आणि आठही मासिकांच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात एकच मजकूर असायचा: स्वीकृत साहित्याबद्दल कळवण्यात येईल. अस्वीकृत साहित्य परत हवे असल्यास पुरेशी तिकिटे लावलेले व स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट सोबत जोडावे.

माझं डोकं यावरूनच फिरायचं.

"परत कशाला हवेत तुला ते कागद?" मी म्हणायचो. "दुसरी प्रत मी फुकट काढून देतो. परतीच्या तिकिटांपेक्षा कागद स्वस्त पडतो, एवढं तरी कळतंय का?"

"पाकीट जोडलं नाही तर उत्तरच देत नाहीत."

"म्हणजे नाही म्हणवून घ्यायचे पैसेही आपणच द्यायचे?"

"हो," ती म्हणायची. "नाहीतर ते कोण देणार?"

येण्याजाण्याची तिकिटं, पाकिटं, वरून दोन मासिकांची वर्गणी, कारण 'आपल्या' मासिकाला कुणी तरी विकत घ्यायला हवं असं तिचं म्हणणं. एका कथेमागे तिची अर्ध्या दिवसाची कमाई जायची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस नव्हती, हे मला तेव्हा समजलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. आपण लिहिलेलं कुणी तरी, नात्यातलं नसलेलं, शेवटपर्यंत वाचावं. मी वाचायचो, पण माझं तिनं कधी धरलंच नाही. "तुला मशीन घेऊन दिलंय मी," ती म्हणायची. "तू चांगलंच म्हणणार."

कथा परत यायच्या. बरोबर अर्ध्या कागदावर छापलेली चिठ्ठी असायची: आपले साहित्य स्वीकारता आले नाही, क्षमस्व, आणि त्याखाली ठळक अक्षरात, आपण आमचे वर्गणीदार व्हावे, ही विनंती. चिठ्ठी आणि फॉर्म एकाच कागदात उरकलेला. पहिल्यांदा असा फॉर्म आला तेव्हा पाकीट अडीच ग्रॅमनं जड झालं, तिकीट कमी पडलं आणि पोस्टमननं दारात दुप्पट आकार मागितला. ताईनं मुकाट्यानं दिला. पुढच्या वेळेपासून परतीच्या पाकिटावर एक तिकीट जादा लावायला लागली. म्हणजे त्यांच्या जाहिरातीचं भाडंही आमच्याकडून! मी त्या दिवशी दुकानात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग दोऱ्याचा प्रकार झाला. त्याला आता चौदा वर्षं झाली.

ट्रकवरच्या ताडपत्रीला दोरी बांधून सील ठोकतात. सील शाबूत असेल तर मधे माल कुणी हलवलेला नाही. ताईच्या डोक्यात ते कधी शिरलं कोण जाणे, तिनं पाठवायच्या कथेच्या चौथ्या आणि पाचव्या पानाचे खालचे कोपरे निळ्या दोऱ्याच्या एकाच टाक्यानं जोडून टाकले. टाका तोडल्याशिवाय चौथं पान उलटून पाचवं वाचता येणार नाही. दोन महिन्यांनी ती कथा परत आली. माझ्यासमोर, दुकानातच तिनं पाकीट उघडलं. टाका जसाच्या तसा.

ती आत गेली. दोन दिवस जेवली नाही, कामावर गेली नाही. वजनकाट्यावरून माणूस विचारायला आला, एवढ्या वर्षांत तिचा पहिला खाडा म्हणून. मी दारात उभा राहून हाका मारत होतो आणि आतून आवाज येत होता, "झोपू दे रे." मला त्या संपादकाचा गळा धरावासा वाटत होता. तो हाताशी नव्हता, म्हणून तिसऱ्या दिवशी मी ताईवरच ओरडलो.

"आजपासून पाकीट उघडायचं नाही! समजलं? घ्यायची असेल तर ते कळवतात, मागच्या पानावर छापलंय. तुझ्या अक्षरातलं पाकीट परत आलं म्हणजे नाहीच आहे ना? मग उघडून काय बघायचं? सरळ डब्यात टाकायचं."

"न उघडता?"

"तुला हातात घेतलं की वजन कळतं. कळतं की नाही? कथेएवढं वजन परत आलं, की संपलं."

तिनं ऐकलं. आयुष्यात माझं फार थोड्या वेळा ऐकलं तिनं, त्यातलं हे एक. पाकीट आलं की ती तळहातावर घ्यायची, डोळे किंचित मिटायची आणि सांगायची, "चाळीस. नुसती कथा." किंवा, "साडेबेचाळीस. फॉर्म घातलाय मेल्यांनी." मी गंमत म्हणून दुकानातल्या छोट्या काट्यावर ठेवून बघायचो. एकदाही चुकली नाही. मग ते पाकीट पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. पुन्हा खाडा झाला नाही, ती वेळेवर जेवू लागली, आणि मी स्वतःवर खूश झालो. कथा मात्र जातच राहिल्या, टाक्यासकट. उघडायचं नाही तर टाका कशाला, असं मी विचारलं होतं. म्हणाली, "असू दे. मला नाही कळलं तरी त्यांना कळेल, इथे थांबलो म्हणून."

गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. आठातली सहा मासिकं तोवर बंद पडली होती. उरलेल्या दोघांनी कथा नुसती वाचण्याचं शुल्क मागायला सुरुवात केली. पगार थांबला, पेन्शन निम्मं. एका सकाळी ती डबा घेऊन दुकानात आली आणि तिनं तो माझ्या टेबलावर आदळला.

"एकोणपन्नास आहेत. कागद एका बाजूनं कोरे. तुझ्या दुकानाला कच्च्या वह्या होतील."

"आणि तू?"

"झालं माझं. वाचणारं कुणी नव्हतं, उगाच तिकिटं चाटत बसले." हे अगदी सहज म्हणाली, भाजी संपली म्हणावं तसं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. एकदाचं सुटलं, असं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी सुरी घेऊन पाकिटं फाडायला बसलो. फाडायचं, कागद बाहेर काढायचे, पिन उपटायची, कोरी बाजू वर करून गठ्ठ्यावर ठेवायचे. सोबतचा अर्धा कागद टोपलीत. निळे टाके मी बघतच नव्हतो, पानं ओढून सुटी करत होतो. तीसेक पाकिटं झाली असतील. एका अर्ध्या कागदाला शाईचा डाग लागलेला दिसला, म्हणून टोपलीत टाकता टाकता नजर गेली. छापील नव्हता तो. हातानं लिहिलेला होता.

'आपण कथा पाठवता आणि पत्राला उत्तर देत नाही, हा काय प्रकार आहे? हे माझे तिसरे पत्र. बदल मान्य नसतील तर करू नका, कथा आहे तशी छापतो. फक्त चालेल एवढा एक शब्द लिहून पाठवा. लेखकाच्या होकाराशिवाय मी छापत नाही. वार्षिक अंकात आपल्यासाठी चार पाने राखून ठेवली आहेत.' खाली संपादकाची सही. तारीख सात वर्षांपूर्वीची.

मी ते पुन्हा वाचलं. मग पाकीट बघितलं, पत्ता ताईच्या अक्षरात आमचाच होता. पुन्हा वाचलं. तिसरं पत्र, असं तो माणूस लिहितो. मग पहिली दोन? मी टोपली जमिनीवर उपडी केली आणि गुडघ्यांवर बसून एकेक कागद उलटायला लागलो. एक बाई ओळखपत्राची झेरॉक्स काढायला आली होती. माझा अवतार बघून तशीच परत गेली.

दुसरं पत्र टोपलीतच सापडलं. नऊ वर्षांपूर्वीचं. 'मागच्या पत्राला उत्तर आले नाही, ते बहुधा गहाळ झाले असावे. ही कथा त्याहून सरस आहे. दोन जागा पेन्सिलीने दाखवल्या आहेत.' आणि पहिलं, अकरा वर्षांपूर्वीचं, अजून न फाडलेल्या पाकिटात निघालं. 'आपली कथा वार्षिक अंकासाठी घेत आहे. शेवटचा परिच्छेद जास्तीचा वाटतो. बाई पिशवी खाली ठेवते तिथेच कथा संपते, असे माझे मत. दुरुस्तीसाठी प्रत सोबत पाठवत आहे. वेगळ्या पाकिटाची ऐपत नाही म्हणून आपलेच वापरले, राग नसावा.'

एकच मासिक, यादीतलं तिसरं. तीनही वेळा होकार. आणि तीनही पाकिटं ताईनं तळहातावर तोलली होती, माझ्या देखत, आणि म्हणाली होती, साडेबेचाळीस, फॉर्म आहे. मी काट्यावर ठेवून बघितलं होतं आणि म्हटलं होतं, शाबास!

उठलो ते दुकानाचं शटर ओढायलाच. ताईला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मासिक चालू असलं तर निदान वाईटाबरोबर एक चांगली बातमी नेता येईल, या आशेवर मी पत्रावरचा पत्ता शोधत गेलो.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक माडी. संपादक म्हातारे झाले होते. खोलीभर जुन्या अंकांचे गठ्ठे, दोन गठ्ठ्यांवर फळी टाकून केलेलं टेबल, त्यावर चहाचा कप. मी ताईचं नाव सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"त्या गर्विष्ठ बाई?"

"गर्विष्ठ?" मी उसळलो. "अहो, तिनं तुमची पत्रं वाचलीच नाहीत."

मी सगळं सांगितलं. वजन, डबा, माझा हुकूम. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"पण परतीच्या पाकिटातून होकार कोण पाठवतं हो?" मी चिडून विचारलं. "तुमच्याच मागच्या पानावर लिहिलंय ना, परत आलं म्हणजे नाही!"

"कथा दुरुस्तीला परत पाठवायची होती. आणि दुसरं पाकीट आणणार कुठून?" ते म्हणाले. "तुम्हाला खरं सांगू? साठ वर्गणीदार होते माझे. त्यातले पन्नास स्वतः लिहिणारे. ज्यांची कथा परत करायचो ते रागावून वर्गणी बंद करायचे. ज्यांची छापायचो त्यांना अंक फुकट जायचा, म्हणून तेही बंद करायचे. ज्यांना उत्तर द्यायचं राहून जायचं, त्यांच्या पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायची आणि ती लावून अंक पाठवायचे. असं चालवलं एकोणीस वर्षं."

माझ्या बहिणीनं अर्ध्या दिवसाच्या कमाईतून चिकटवलेली तिकिटं, आणि हा गृहस्थ बादलीत भिजत घालतो! पण मला ओरडता येईना, कारण तिची तिकिटं त्यानं भिजवली नव्हती. तिला त्यानं दर वेळी उत्तर दिलं होतं.

"मासिक?" मी विचारलं.

"सहा वर्षं झाली बंद करून." मग खाली बघत म्हणाले, "आणखी एक आहे. आम्ही सगळे संपादक एकमेकांना ओळखतो. मी बोललो होतो दोघा-तिघांना. चांगलं लिहितात, पण उत्तर देत नाहीत, त्यांच्या भरवशावर पानं राखू नका, म्हणून."

जिना उतरून मी दुकानात परतलो आणि पेन्सिलीच्या खुणा बघत गठ्ठ्यातून त्या पत्रांच्या कथा शोधून काढल्या.

संध्याकाळी ताईच्या खोलीत गेलो तेव्हा ती कपाटाच्या दारावरची यादी ओल्या फडक्यानं खरवडून काढत होती. निम्मी निघाली होती.

"ताई, आधी बस."

"काय झालं? मशीन बिघडलं?"

मी तिन्ही पाकिटं तिच्यासमोर ठेवली, कथा आणि पत्रं आत जशी होती तशी परत घालून. तिनं सवयीनं वरचं उचललं. तळहातावर धरलं. "साडेबेचाळीस," म्हणाली. "ही कशाला ठेवलीस?"

"उघड."

तिनं पत्र वाचलं. मग दुसरं. मग तिसरं. मी असं काही तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. कुणी तरी ओळखीच्या माणसानं भर रस्त्यात थोबाडीत मारावी आणि का मारली ते सांगू नये, तसं. हातातलं फडकं टपटप गळत होतं, तिला त्याचं भान नव्हतं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

"ताई, मीच तुला उघडू दिलं नाही."

"हो, तूच." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "आणि मी ऐकलं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे रे, तुझा काय दोष. म्हणाली नाही. मी मान खाली घालून संपादकाचं सांगितलं, गर्विष्ठपणाचं, मासिक बंद झाल्याचं, बाकीच्यांच्या कानावर घातल्याचंही. काही लपवलं नाही.

तिनं पत्रं एकावर एक रचून ठेवली. मग म्हणाली, "मला कळलं होतं."

"काय?"

"कागद जास्तीचा आहे हे कळलं होतं ना मला! तिन्ही वेळा. तुला सांगितलंही. मी फॉर्म धरला." तिचा आवाज चढला. "लोकांच्या ट्रकवरचं पिंप मी खाली उतरून बघायचे. एकतीस वर्षं, एकदाही नुसत्या अंदाजानं वजन धरलं नाही. ड्रायव्हरनं आईची शपथ घेतली तरी धरलं नाही. आणि स्वतःच्या दारात आलेलं उघडून बघितलं नाही मी!"

मी पाणी आणून दिलं. तिनं पेला हातात घेतला आणि तसाच ठेवला.

मग तिनं सर्वांत जुनी कथा पाकिटातून काढली आणि पानं उलटायला लागली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्यावर थांबली. खालच्या कोपऱ्यात सुईची दोन भोकं होती आणि निळ्या दोऱ्याची दोन टोकं. ओढून तुटलेला नव्हता तो, कात्रीनं नीट कापला होता. त्याच्याशेजारी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: हा दोरा कशासाठी?

ताईनं चौथं पान उलटलं. पाचव्यावर एका वाक्याखाली रेघ. सहाव्यावर एक बरोबरची खूण. सातव्या पानावर, अगदी तळाशी, शेवटच्या परिच्छेदाला कंस. तिनं त्या कंसावरून बोट फिरवलं.

"शेवटपर्यंत आलाय," ती म्हणाली, आणि रडायला लागली. आई गेली तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती. तेव्हा तिला वेळ नव्हता. मी शेजारी बसून राहिलो. माझेही डोळे वाहत होते आणि मनात सारखं येत होतं की हे मी अकरा वर्षं पलंगाखाली ठेवलं.

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि तो शेवटचा परिच्छेद वाचला. दोनदा वाचला.

"बरोबर आहे त्यांचं. पिशवी ठेवली तिथेच संपते." पेन्सिल मागितली, परिच्छेदावर काट मारली. मग चौथं पान काढून त्या प्रश्नाखाली लिहिलं: 'कुणी पुढे वाचतं का, ते बघण्यासाठी. आपण वाचलंत. आभारी आहे.' मग अर्ध्या कागदावर तिन्ही पत्रांची उत्तरं, तारखेवार. शेवटी एकच शब्द: चालेल.

"ताई, मासिक बंद झालंय," मी हळूच म्हटलं.

"मासिक बंद झालंय. माणूस आहे ना? तीन उत्तरं राहिलीत माझी."

तिनं पाकीट घेतलं, पत्ता घातला, कागद आत सरकवले. मी इतक्या वर्षांच्या सवयीनं परतीचं पाकीट काढून, घडी करून तिच्यापुढे धरलं. तिनं ते माझ्या हातानिशी मागे ढकललं.

"ते कशाला? या वेळी उत्तर मी देतेय."

पाकीट चिकटवलं. तळहातावर घेतलं, डोळे किंचित मिटले. मी वाट बघत राहिलो. तिनं आकडा सांगितला नाही. डोळे उघडले आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"दुकानात ने आणि काट्यावर ठेवून बघ," ती म्हणाली. "हाताचं मी आता धरत नाही."